लाईन गेली तरी राउटर बॅकअपवर का जात नाही?

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचं सेवा केंद्र आहे. मायक्रोटिकचा हेक्स राउटर आहे. पहिल्या पोर्टला फायबरचा मोडेम (पत्ता १९२.१६८.१.१) आणि यूएसबीला ४जी डोंगल लावलाय. दोन्हींचे डिफॉल्ट राउट (बाहेर जाण्याची ठरलेली वाट) आहेत, फायबरचा डिस्टन्स (पसंतीचा क्रम, लहान आकडा आधी) १ आणि डोंगलचा २. पहिल्या पोर्टची केबल उपटली की सगळं लगेच डोंगलवर जातं. पण खरोखर लाईन जाते तेव्हा काहीच होत नाही. कोणीतरी उठून ती केबल उपटेपर्यंत लोक रांगेत उभे राहतात. कुठे चुकतंय?

उत्तर :

तुमच्या दोन्ही राउटमध्ये चूक नाही. राउटर नेमकं काय तपासतोय, तिथे गडबड आहे. डिस्टन्स १ चा राउट कधी सोडायचा याचा त्याच्याकडे एकच निकष आहे: पहिला पोर्ट जिवंत आहे की नाही. तुम्ही केबल उपटता तेव्हा पोर्ट मरतो आणि तो इमानदारीने डिस्टन्स २ वर जातो. फायबर तुटते ती मात्र रस्त्यावर, खांबावर किंवा ऑपरेटरच्या खोलीत. तुमचा मोडेम तेव्हाही चालूच असतो. मोडेम आणि राउटर यांच्यातल्या हातभर केबलला काहीही झालेलं नसतं. मोडेमवर एलओएसचा (फायबरचा सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो, पण राउटरला तो दिसत नाही. दारावरची टपालपेटी जागेवर आहे म्हणून पोस्टमन गावात आला असं होत नाही. तुमचा राउटर फक्त पेटी बघतोय.

केबल उपटून घेतलेली चाचणी म्हणूनच फसवी ठरते. जो बिघाड प्रत्यक्षात जवळजवळ कधीच होत नाही, नेमका तोच त्या चाचणीत तपासला जातो.

पुढची पायरी म्हणून बरेच जण राउटला ‘चेक गेटवे’ पिंग लावतात, म्हणजे गेटवेला (वाटेतल्या पुढच्या यंत्राला) राउटर सारखं ‘आहेस का?’ असं विचारत राहतो. तुम्हालाही कोणीतरी ते सुचवेल. एकट्याने त्याचा उपयोग नाही. तुमचा गेटवे १९२.१६८.१.१ म्हणजे तो मोडेमच. राउटर मोडेमला विचारणार ‘आहेस का?’ आणि मोडेम म्हणणार ‘आहे’. त्याच्या पाठीमागचं सगळं जग बंद असलं तरी हे उत्तर बदलणार नाही.

तेव्हा तपासणी मोडेमच्या आणि ऑपरेटरच्याही पलीकडे, खऱ्या इंटरनेटवर न्यायची. मायक्रोटिकमध्ये त्याचा रुळलेला मार्ग म्हणजे रिकर्सिव्ह राउट. डिफॉल्ट राउटचा गेटवे म्हणून मोडेमचा पत्ता द्यायचाच नाही, इंटरनेटवरच्या एखाद्या कायम चालू असणाऱ्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा. त्या सर्व्हरकडे जायचं तर मोडेममधूनच, हे वेगळ्या राउटने पक्कं करून ठेवायचं. मग ‘चेक गेटवे’चा पिंग मोडेमजवळ थांबत नाही, पूर्ण रस्ता तुडवून त्या सर्व्हरपर्यंत जातो. रस्त्यात कुठेही तुटलं की डिफॉल्ट राउट बाद होतो आणि डोंगल पुढे येतो.

सुरुवात जुनं काढण्यापासून करा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. पहिल्या पोर्टच्या डीएचसीपी क्लायंटमध्ये (मोडेमकडून आपोआप पत्ता घेणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘ॲड डिफॉल्ट राउट’ हे ‘नो’ करा. तो आपोआप येणारा राउट तसाच राहिला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. तुमचे नवे राउट बाद झाले तरी तो डिस्टन्स १ वर ठाण मांडून बसतो आणि ट्रॅफिक मेलेल्या लाईनवर ढकलत राहतो. तिथेच ‘यूज पीअर डीएनएस’ही ‘नो’ करा. त्याचं कारण पुढे येतंच. डोंगलचा आपोआप येणारा डिफॉल्ट राउट राहू द्या, फक्त त्याचा डिस्टन्स १० करा. डोंगल राउटरला कोणत्या रूपात दिसतो त्याप्रमाणे हा आकडा डीएचसीपी क्लायंटमध्ये किंवा एलटीईच्या एपीएन प्रोफाइलमध्ये (४जी जोडणीच्या सेटिंगमध्ये) सापडेल.

मग विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकची सेटिंग बदलण्याच्या प्रोग्राममध्ये) ‘आयपी’खाली ‘राउट्स’ उघडा आणि हे चार राउट घाला:

२०८.६७.२२२.२२२ कडे, गेटवे १९२.१६८.१.१, स्कोप १०
९.९.९.९ कडे, गेटवे १९२.१६८.१.१, स्कोप १०
०.०.०.०/० कडे, गेटवे २०८.६७.२२२.२२२, डिस्टन्स १, टार्गेट स्कोप ११, चेक गेटवे पिंग
०.०.०.०/० कडे, गेटवे ९.९.९.९, डिस्टन्स २, टार्गेट स्कोप ११, चेक गेटवे पिंग

पहिले दोन म्हणजे खुंट्या: ओपनडीएनएसचा आणि क्वाड९चा सर्व्हर, दोघांकडे जाण्याची वाट फक्त फायबरवरून. खालचे दोन खरे डिफॉल्ट राउट. टार्गेट स्कोप ११ हा राउटरओएस (मायक्रोटिकची प्रणाली) व्हर्जन ७ साठी आहे. तुमच्याकडे अजून व्हर्जन ६ असेल तर १० ठेवा. इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या पाककृती बहुतेक व्हर्जन ६ च्या असतात. व्हर्जन ७ ची स्थिर आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आली. त्याआधीचं लिखाण जसंच्या तसं उतरवलं की राउट निळा किंवा लाल होऊन पडून राहतो आणि माणूस डोकं धरून बसतो. स्कोप आणि टार्गेट स्कोप या दोन आकड्यांचं काम एवढंच, की गेटवेचा ठावठिकाणा राउटरने स्कोप १० च्या खुंटीवरूनच शोधावा. डोंगलच्या डिफॉल्ट राउटचा स्कोप ३० असतो, म्हणून तिकडून वाट काढून तो ‘फायबर चालू आहे’ असं समजत नाही.

दोन खुंट्या का? एकच ठेवली आणि त्या सर्व्हरने पिंगला उत्तर देणं थोडा वेळ थांबवलं, तर चांगली चालणारी फायबर सोडून सगळं केंद्र डोंगलवर जाईल. हे सर्व्हर लोकांच्या पिंगसाठी उभारलेले नाहीत. ते कधी पिंग गाळतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. दोन वेगळ्या संस्थांचे सर्व्हर एकाच वेळी गप्प झाले तरच फायबर गेली असं धरायचं.

वेळेचा हिशोब असा. चेक गेटवे दर १० सेकंदांनी विचारतो आणि दोन वेळा उत्तर आलं नाही की राउट बाद करतो. लाईन गेल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात डोंगल चालू होतो. खुंट्या फायबरला बांधलेल्या असल्यामुळे ट्रॅफिक डोंगलवर गेल्यानंतरही हे पिंग फायबरवरच जात राहतात. लाईन परत आल्याचं राउटरला त्यावरूनच कळतं.

आता डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा. ज्या पत्त्यांची खुंटी केली ते पत्ते डीएनएस म्हणून कुठेही वापरू नका, राउटरवर नाही आणि कॉम्प्युटरवरही नाही. फायबर गेल्यावर ९.९.९.९ कडे जाण्याची वाट बंदच असते, कारण ती तुम्हीच फायबरला बांधली आहे. राउटर डोंगलवर गेलेला असतो, पिंग चालतो, पण एकही साइट उघडत नाही, कारण नावाचा पत्ता विचारायचा तो सर्व्हर मेलेल्या बाजूला अडकलेला असतो. ‘बॅकअप लागतो पण नेट चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं. खुंटीसाठी ८.८.८.८ मी म्हणूनच टाळतो. अनेक टीव्ही, फोन आणि कॅमेरे तुम्हाला न विचारता तोच पत्ता डीएनएस म्हणून वापरतात. राउटरवर डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ ठेवा आणि सगळ्या कॉम्प्युटरना राउटरचाच पत्ता द्या. ऑपरेटरने दिलेले डीएनएस काढून टाकायला सांगितलं तेही यासाठीच. ते सर्व्हर पुष्कळदा फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात. डोंगलच्या कंपनीच्या नेटवर्कवरून विचारलं तर गप्प बसतात.

इथपर्यंत केलं की तुमचा मूळ प्रश्न सुटतो. पण सेवा केंद्रात लोकांचे पैसे, ओटीपी आणि अर्ज अडकलेले असतात, म्हणून इथेच थांबू नका असं माझं सांगणं आहे.

फायबर गेली तरी तुमचा पहिला पोर्ट बंद पडत नाही. मास्करेडचा (बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला बाहेरच्या पोर्टचा पत्ता लावणारा) नियम जुनी कनेक्शन आपणहून साफ करतो ती पोर्ट बंद पडल्यावर किंवा त्याचा पत्ता बदलल्यावर. इथे दोन्ही होत नाही. त्यामुळे आधीपासून चालू असलेली कनेक्शन फायबरच्या बाजूचा पत्ता कपाळावर घेऊन डोंगलमधून बाहेर पडायला बघतात आणि तिथे मरतात. ब्राउझरमधलं पान पुन्हा उघडलं की नवं कनेक्शन होतं, म्हणून तिथे फारसं जाणवत नाही. पण इंटरनेटवरचा फोन आणि व्हीपीएन हे यूडीपीवर (डेटा पाठवण्याची एक पद्धत) चालतात आणि एकाच जोडणीवर पुन्हा पुन्हा पाकिटं टाकत राहतात. प्रत्येक पाकिटागणिक त्या नोंदीचं आयुष्य वाढतं आणि ती कधीच मरत नाही. बाकी सगळं सुरू झालं आणि टेबलावरचा फोन मात्र तासभर मुका, असं दिसलं तर कारण हेच.

यावर उपाय नेटवॉच, म्हणजे एखाद्या पत्त्यावर नजर ठेवून तो गेला किंवा आला की ठरलेली स्क्रिप्ट चालवणारी राउटरमधली सोय. २०८.६७.२२२.२२२ वर नेटवॉच लावा. ‘डाउन’ आणि ‘अप’ या दोन्ही खान्यांत फायरवॉलची कनेक्शन यादी रिकामी करणारी ओळ घाला, आणि त्या ओळीआधी ३० सेकंदांचा थांबा ठेवा. थांबा नसेल तर नेटवॉचचा निर्णय कधी कधी राउट बदलण्याच्या आधी होतो. यादी रिकामी होते आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत ती पुन्हा मेलेल्या लाईनवरच्या नोंदींनी भरते.

नेटवॉच लावणार असाल तर एक पाचवा राउटही हवा: २०८.६७.२२२.२२२ कडे, प्रकार ब्लॅकहोल, डिस्टन्स २०. एरवी तो झोपलेला असतो. मोडेम कोणी बंद केला किंवा केबल निघाली तर खुंटीचा राउट नाहीसा होतो. मग नेटवॉचचा पिंग डोंगलवरून जाऊन ‘फायबर जिवंत’ अशी खोटी बातमी आणतो. ब्लॅकहोल ती वाट अडवतो.

आता परत येण्याचं. बहुतेक लोक जाण्याचाच विचार करतात, पण त्रास परतीत जास्त होतो. पावसाळ्यात खांबावरचा जोड ओला असेल किंवा ऑपरेटरचा माणूस वर चढून काम करत असेल, तर लाईन दोन मिनिटं येते आणि एक मिनिट जाते. चेक गेटवेला एक उत्तर मिळालं की तो फायबर जिवंत धरतो, त्यामुळे तुमचं केंद्र फायबर आणि डोंगल यांच्यात झोके घेत राहतं. दर झोक्याला बाहेरून दिसणारा आयपी पत्ता बदलतो. बँकांची आणि सरकारी पोर्टलं पत्ता बदलला की लॉगिन तोडतात. अर्ज अर्ध्यात असेल तर तो गेला. पैसे भरणं अर्ध्यात असेल तर खात्यातून रक्कम गेली आणि पोर्टलवर ‘प्रलंबित’.

लाईन अशी झोके घेणारी असेल तर परतीला थांबा घाला. डाउनच्या स्क्रिप्टने फायबरचे दोन्ही डिफॉल्ट राउट बंद करायचे. अपच्या स्क्रिप्टने पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा वीस-पंचवीस पिंग मारून बघायचे, सगळे आले तरच राउट चालू करायचे. मी मात्र हे पहिल्या दिवशी लावत नाही. स्क्रिप्ट राउट बंद करते आणि मध्येच वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला, तर ते राउट बंदच राहण्याची शक्यता असते. मग फायबर धडधडीत चालू असताना केंद्र दिवसभर डोंगलचा डेटा जाळत बसतं. पहिला महिना साध्या चेक गेटवेवर चालवा, लॉगमध्ये लाईन किती वेळा आली-गेली ते बघा. दिवसातून एखाद वेळ असेल तर साधंच राहू द्या.

यापेक्षा त्रासाचा प्रकार म्हणजे मेलेली नसलेली पण रडतखडत चालणारी लाईन. दहातले चार पिंग हरवतात, उरलेले सहा येतात. साध्या चेक गेटवेच्या दृष्टीने ती लाईन ठणठणीत आहे, कारण दोन्ही खुंट्यांचे लागोपाठ दोन पिंग एकाच वेळी क्वचितच चुकतात. राउटरओएस ७ च्या नव्या आवृत्त्यांत नेटवॉचचा आयसीएमपी (पिंगवर चालणारा) प्रकार आहे. त्यात एका फेरीत किती पिंग मारायचे आणि किती टक्के हरवले तर ‘डाउन’ म्हणायचं, हे ठरवता येतं. उत्तराला लागणाऱ्या सरासरी वेळेवरही मर्यादा घालता येते. सेवा केंद्रासाठी मी ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास रेषा ओढतो. एवढ्या गळतीत पोर्टलचं पान उघडतं, पण कागदपत्र चढवताना हमखास तुटतं.

आता डोंगलकडे वळू. मुख्य लाईन गेली की सगळ्यांना लगेच कळतं. बॅकअप मेलेली असली तर ती मुख्य लाईन जाईपर्यंत कोणालाच कळत नाही. सिमचा रिचार्ज २८ दिवसांचा असतो, तो संपतो आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. डोंगल गरम होऊन अडकतो. कोणीतरी फोन चार्ज करायला तो काढून ठेवतो. म्हणून बॅकअपवरही पहारा हवा. १४९.११२.११२.११२ कडे जाणारा राउट डोंगलच्या गेटवेने बांधा, तसाच त्याचा ब्लॅकहोल ठेवा आणि दर मिनिटाला एक नेटवॉच पिंग. यात महिन्याला ५ ते ७ एमबी डेटा जातो, म्हणजे काहीच नाही. उत्तर थांबलं की राउटरने तुमच्या टेलिग्रामवर किंवा ईमेलवर निरोप पाठवावा. बॅकअप मेल्याचा निरोप फायबरवरून येईल आणि फायबर गेल्याचा निरोप डोंगलवरून. हा निरोप नसेल तर बॅकअप आहे असं धरूच नका.

डोंगल राउटरच्या पाठीला, लोखंडी कपाटात खोचलेला असेल तर त्याची रेंज आधी बघा. राउटरमध्ये आरएसआरपी नावाचा आकडा दिसत असेल तर तो उणे ९० च्या आसपास किंवा त्याहून बरा असावा. उणे ११० च्या खाली गेला तर कागदपत्रं चढवण्याची आशा सोडा. मला विचाराल तर डोंगलपेक्षा लॅन पोर्ट असलेला छोटा ४जी राउटर घ्या. तो खिडकीत ठेवून केबलने हेक्सच्या दुसऱ्या पोर्टला जोडा. तो गरम होत नाही, रेंज चांगली मिळते आणि हेक्सच्या यूएसबीवर भार येत नाही. फक्त त्याचा मूळ पत्ताही मोडेमसारखाच १९२.१६८.१.१ नाही ना, हे बघा. दोन्ही बाजूंना एकच पत्ता असला की राउटर गोंधळतो आणि बिघाड कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो. एकाचा बदलून १९२.१६८.८.१ किंवा तसंच काही करा, बदललेला पत्ता त्या डब्यावर चिकटपट्टी लावून लिहा, आणि त्याचा पोर्ट वॅनच्या (बाहेरच्या जोडण्यांच्या) यादीत घाला. नाहीतर मास्करेड लागणार नाही.

सिम कोणाचं घ्यावं, हा प्रश्न मला सेटिंगइतकाच महत्त्वाचा वाटतो. फायबर ज्या कंपनीची, सिम तिचं नको. तालुक्याच्या गावातला टॉवरही शेवटी फायबरवरच चालतो, आणि ती फायबर बऱ्याचदा त्याच रस्त्याच्या कडेने आलेली असते. रुंदीकरणाच्या कामात जेसीबीचा एक दात बसला की घरची लाईन आणि टॉवर दोन्ही एकदम जातात. दुसरी फायबर हाच बॅकअप ठेवणाऱ्यांनी तर बाहेर रस्त्यावर येऊन वर बघावं. दोन कंपन्यांची नावं वेगळी, बिलं वेगळी, पण शेवटचे पाचशे मीटर एकाच केबलवाल्याच्या, महावितरणच्या एकाच खांबावरून. हा पैशाचा अपव्यय आहे. कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड आणि रत्नागिरीच्या कित्येक गावांत वीज, तारा आणि मोबाइल हे सगळंच एकदम गेलं होतं. राउटरमधली कोणतीही सेटिंग तेवढ्या मोठ्या आघाताला पुरत नाही. पण रोजचा जेसीबी आणि रोजचा ओला जोड यांना पुरेल एवढं वेगळेपण नक्की मिळवता येतं.

विजेचंही बघा. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आहेत आणि मोडेम मात्र भिंतीवरच्या साध्या प्लगवर, असं सर्रास दिसतं. मोडेम, हेक्स आणि ४जी राउटर हे तिन्ही मिळून फार वीज खात नाहीत. त्यांना इन्व्हर्टरच्या लाईनवर किंवा वेगळ्या छोट्या डीसी यूपीएसवर घ्या. प्रत्येकाची व्होल्टेज डब्याखालच्या पट्टीवर वाचूनच यूपीएस जोडा. वीज गेल्यावर तुमच्याकडे सगळं चालू असूनही लाईन जात असेल, तर मधल्या एखाद्या इमारतीत ऑपरेटरचा विजेवर चालणारा स्विच आहे असं समजा. जीपॉन पद्धतीच्या फायबरला ऑपरेटरच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत मध्ये वीज लागत नाही. ऑपरेटरला सरळ विचारा, आणि शक्य असेल तर जीपॉनवर घ्या म्हणून हट्ट धरा.

डेटाच्या बाबतीत थोडक्यात. डोंगल लागल्यावर सीसीटीव्हीचं क्लाउडवर चढणं, विंडोजचे अपडेट आणि सगळ्यांच्या फोनचे बॅकअप हे आधी धावतात, आणि दिवसाचा कोटा जेवणाच्या सुट्टीआधी संपतो. फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीत एक नियम करा: कॅमेरे आणि वायफायवरचे पाहुणे यांच्या पत्त्यांची यादी, बाहेर जाण्याचा पोर्ट डोंगलचा, कृती ड्रॉप. कामाचे कॉम्प्युटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि पैशांचा फोन एवढेच मोकळे ठेवा.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती व्ही४) चालू असेल तर सध्या केंद्राच्या आतल्या नेटवर्कवर ते बंद करा. चालू ठेवायला मलाही आवडतं, पण इथे अडचण खरी आहे. कॉम्प्युटरना मिळालेले व्ही६ पत्ते फायबरच्या कंपनीचे असतात. डोंगलवर ते चालत नाहीत आणि वर लिहिलेल्या चार राउटना त्यांची खबरही नसते. ब्राउझर थोडं थांबून व्ही४ वर जातो, पण काही सॉफ्टवेअर तिथेच लटकतात. फायबरवर व्ही६ ठीक आणि डोंगलवर काहीच नाही, अशा अर्धवट स्थितीपेक्षा दोन्हींवर फक्त व्ही४ बरं.

बाहेरून कॅमेरे बघण्यासाठी पोर्ट उघडून ठेवला असेल तर तो डोंगलवर चालणार नाही. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे बाहेरून आत येण्याची वाटच नसते. त्यासाठी राउटरने स्वतः बाहेरच्या एखाद्या स्थिर पत्त्याच्या सर्व्हरशी वायरगार्डने (एक प्रकारचं व्हीपीएन) बोगदा बांधायचा आणि २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं पाकीट) ठेवायचा. कनेक्शन आतून सुरू होत असल्यामुळे ते दोन्ही लाईनवर चालतं.

दोन्ही लाईन एकदम वापरून वेग वाढवावा, असा सल्ला कोणी दिला तर तुमच्या केंद्रात तो घेऊ नका. ट्रॅफिक वाटून दिलं की एकाच माणसाची एक जोडणी एका पत्त्यावरून आणि दुसरी दुसऱ्या पत्त्यावरून जाते. पैसे भरण्याची पोर्टलं तिथेच अडतात.

आता चाचणी. केबल उपटायची नाही. मोडेमच्या पानावर जाऊन त्याची बाहेरची जोडणी बंद करा, म्हणजे मोडेम चालू, पोर्ट चालू, फक्त इंटरनेट नाही. मोडेमची हिरवी फायबर पिन काढूनही हे होतं, पण तिच्या टोकाला धूळ लागली की नवी कटकट सुरू होते, आणि त्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. आत लेझर असतो. एका कॉम्प्युटरवर सतत पिंग चालू ठेवा, दुसऱ्यावर पोर्टलवर लॉगिन करून बसा, तिसऱ्यावरून फोन लावा. किती सेकंदांनी काय परत आलं ते कागदावर लिहा. मग मोडेम पुन्हा चालू करा आणि परतीची वेळही लिहा. राउट्सच्या यादीत सगळं ठीक असताना डिस्टन्स १ च्या ओळीपुढे ‘ए’ हे अक्षर दिसायला हवं, आणि त्याचा ‘इमिजिएट गेटवे’ (प्रत्यक्षातला लगतचा गेटवे) म्हणून १९२.१६८.१.१. ही चाचणी महिन्यातून एकदा, गर्दी नसलेल्या वेळी घ्या.

केंद्रातल्या मुलामुलींना एक गोष्ट शिकवा: लाईन बदलताना पैसे भरणं अडकलं तर पुन्हा ‘भरा’ दाबायचं नाही. आधी व्यवहाराची स्थिती बघायची, मग पुढचं. राउटर अर्ध्या मिनिटात बदलतो, पण दोनदा कापलेले पैसे परत यायला आठवडा लागतो, आणि ते पैसे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे असतात.

हेक्सऐवजी दुसरा राउटर असणाऱ्यांसाठी: तत्त्व तेच, नावं वेगळी. टीपी-लिंकच्या ईआर६०५ मध्ये लिंक बॅकअप आहे. त्याचं ऑनलाइन डिटेक्शन ‘मॅन्युअल’ करून बाहेरचा पिंग पत्ता स्वतः द्या. ओपनडब्ल्यूआरटीवर एमवॅन३ आहे, त्यात एकाहून अधिक ट्रॅक आयपी देता येतात आणि किती फेऱ्या चुकल्या की डाउन, किती जमल्या की अप, हे वेगवेगळं ठरवता येतं. परतीचा थांबा तिथे आयताच मिळतो. पीएफसेन्समध्ये गेटवे ग्रुप करून फायबर टियर १ आणि मोबाइल टियर २, आणि प्रत्येक गेटवेला बाहेरचा मॉनिटर आयपी.

पुढे कधी मोडेम ब्रिज मोडला (नुसता पूल म्हणून) घालून पीपीपीओई (ऑपरेटरकडचं लॉगिन) राउटरवरच घेतलंत, तर दोन्ही खुंट्यांच्या गेटवेच्या जागी १९२.१६८.१.१ ऐवजी पीपीपीओई इंटरफेसचं नाव द्या, आणि त्या क्लायंटमधलंही ‘ॲड डिफॉल्ट राउट’ बंद करा. फायबर तुटली की पीपीपीओई आपणहून पडेल. पण ऑपरेटरच्या पुढे कुठे तुटलं तर ते तसंच उभं राहतं, म्हणून खुंट्या तेव्हाही काढू नका.